निवळ पाण्यात काळा बेडूक

माझ्या सासऱ्यांना मासे धरायचा नाद आहे आणि मला त्यांच्याबरोबर जायचा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग मला वरपासून खालपर्यंत बघून घेतात. सून सासऱ्याबरोबर तळ्यावर जाते, तीही गळ टाकायला, हे त्यांना पचत नाही. नाही पचलं तर ओवा खावा. मी गडहिंग्लजची, नदीकाठची. माझ्या वडिलांना, आप्पांना, एकट्यानं काठावर बसायचा कंटाळा यायचा म्हणून ते मला बरोबर न्यायचे, आणि नुसतं बसून राहायचा मला कंटाळा यायचा म्हणून मी शिकले. यापेक्षा मोठं कारण नाही.

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा सासऱ्यांशी काय बोलावं हे मला कळत नव्हतं. त्यांना मी मामा म्हणते. ते कमी बोलणारे आणि जे बोलतील ते फटकळ. एका रविवारी ते बाहेरच्या सोप्यात बसून दोऱ्याला गळ बांधत होते. मी चहा ठेवला, गाठ बघितली आणि तोंडातून निघून गेलं, "मामा, ही गाठ सुटणार."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मी चहाचा ट्रे खाली ठेवला, गाठ सोडली आणि आप्पांच्या पद्धतीनं बांधून दिली. त्यांनी ओढून बघितली. पुन्हा ओढून बघितली. मग चहा पिऊन म्हणाले, "चपला घाल. चल."

आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या दिवशी कपाळाला हात लावला तो अजून खाली आणलेला नाही. "लोकांच्या सुना हळदीकुंकवाला जात्यात, आमची मासं माराय जातीया," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. पण आम्ही आणलेल्या मरळीचा रस्सा पहिल्यांदा चाखून बघतात त्याही त्याच.

मरळ हा मासा दांडगा. तोंड सापासारखं, अंग काळपट, आणि स्वभाव आमच्या मामांसारखा. शेवाळाखाली दबा धरून बसतो, वरून काही सळसळलं की झडप घालतो. त्याला गांडुळाची लालूच पुरत नाही, हलतं काहीतरी लागतं. म्हणून मामा लाकडाचे खोटे मासे, खोटे बेडूक कोरतात. मोबाइलवरची पोरं त्याला ल्युअर म्हणतात. आमच्या घरात आकार कसलाही असो, नाव एकच, बेडूक.

कोरणं मामांच्या हातातच आहे. त्यांची सगळी नोकरी कागलच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत गेली. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी साचा लागतो, तो मामा करायचे. निवृत्त झाले तेव्हा घरी सागाचे तुकडे आले आणि साच्याला लावायच्या काळ्या रंगाचा डबाही आला. त्या डब्यातून आमच्या बेडकांचा रंग आला. मामांचं म्हणणं, तो रंग संपला असता तरी त्यांनी काळाच आणला असता.

"मासा खालनं वर बघतोय," ते मला समजावायचे. "वर काय हाय? आभाळ. आभाळाम्होरं काळ्याएवढं उठून दुसरं काय दिसतंय व्हय? त्याला रंग न्हाय दिसत, आकार दिसतोय."

माझ्या आप्पांचं मत बरोबर उलटं. गढूळ पाण्यात पांढरं टाकावं, अंधाऱ्या खोलीत पांढरं कापड दिसतं तसं ते दिसतं, असं ते म्हणायचे. यावरून माझं आणि मामांचं इतक्या वेळा वाजलंय की एकदा आत्तींनी आम्हा दोघांना ताटावरून उठवलं होतं. पण तळ्यावर मामाच खरे ठरायचे. पावसाळ्यात पाणी चहासारखं लाल झालं की ते मोठा, पसरट तोंडाचा काळा बेडूक काढायचे आणि सावकाश, पाणी ढकलत ओढायचे, म्हणजे माशाला दिसला नाही तरी हलका धक्का जाणवतो. शेवाळावरून ओढायचा असेल तर गळाची टोकं अडकू नयेत म्हणून ती पाठीला चिकटवलेला काळा बेडूक. तो शेवाळावरून घसरत यायचा, आणि मध्ये मोकळं पाणी दिसलं की मामा हात थांबवायचे. तिथंच मरळ उसळायची. आभाळ भरलेलं आणि पाणी निवळ असेल तर काळाच, पण बारीक, बोटभर. दिवस कलला की पुन्हा मोठा.

फक्त एका वेळेला काळा डब्यातच ठेवायचा. पाणी निवळ, आणि वर लख्ख ऊन. "तवा काळा टाकणं म्हंजे भर दुपारी दरोडा घालाय जाणं," ते म्हणायचे. "मासा लांबनंच वळखतोय." त्या वेळी ते हिरवट रंगाचा, नाहीतर नुसत्या तेल लावलेल्या लाकडाचा छोटा बेडूक बांधायचे. हा नियम त्यांनी मला इतक्यांदा ऐकवला होता की मी तो झोपेतही म्हणून दाखवला असता.

माझ्या नवऱ्याला या सगळ्यात रस नाही, पण बापावर जीव आहे. एका वाढदिवसाला त्यानं मोबाइलवरून गुलाबी, पिवळ्या, चमचमत्या प्लास्टिकच्या बेडकांचं पाकीट मागवलं. मामांनी त्यातला गुलाबी उचलून डोळ्यांजवळ नेला, अगदी नाकाला टेकवला, आणि म्हणाले, "ह्यो मासा धराय चाललाय का वरातीत नाचाय?" आम्ही पोट धरून हसलो. नाकाला का टेकवला, हे कुणी विचारलं नाही.

आता मागं वळून बघितलं की असं बरंच दिसतं. मामांनी स्कूटर चालवायची सोडली. "तूच चालव, मला मागं बसून तळं बघत जायला बरं वाटतंय," म्हणाले. फुटबॉलची मॅच त्यांनी चुकवली नाही, पेठेतला माणूस ती चुकवत नाही. पण घरी आले की गोल कसा झाला हे सांगायचं सोडून लोक कसे ओरडले तेवढंच सांगायचे. पेपर बंद झाला, कारण "रोज तेच तेच छापत्यात". आणि डब्यातले हिरवे बेडूक, तेलातले बेडूक एकेक करून काळे झाले. मला वाटलं, वय झालं की माणूस हट्टाला पेटतो. शिवाय प्रत्येक बेडकाच्या पोटाला त्यांनी पटाशीनं खाचा पाडल्या होत्या. छोट्याला एक, मधल्याला दोन, मोठ्याला तीन. साचे करणाऱ्याची सवय असेल, असं म्हणून मी तेही सोडून दिलं.

दिवाळी होऊन गेली होती. थंडी नुकती कुठं पडायला लागलेली. कागलच्या बाजूला, रस्त्यापासून आत, उसाच्या फडांमध्ये एक तलाव आहे. तिथला मासेमारीचा ठेकेदार मामांच्या ओळखीचा. रविवारी सकाळी आम्ही तिथं पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वारा नव्हता. पाणी इतकं निवळ होतं की काठाजवळचे खडे मोजावेत. मी मनातल्या मनात म्हटलं, आज काळ्याला सुट्टी.

मामा काठावर उकिडवे बसले, तलावाकडे तोंड करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी लई गढूळ हाय गं. वरनं कालवा सोडलाय वाटतं. मोठा काळा काढ."

मी हसले. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. "व्हय व्हय," मी म्हटलं, "नुसता चिखल झालाय."

ते हसले नाहीत. त्यांनी डबा स्वतःकडे ओढला, बेडूक एकेक उचलून अंगठ्यानं पोटावरच्या खाचा चाचपल्या, तीन खाचांचा घेतला आणि दोरा ओवायला लागले. दोरा छिद्राच्या बाजूनं जात होता. पुन्हा बाजूनं. मग त्यांनी बेडूक ओठांत धरला, जिभेनं छिद्र शोधलं आणि दोरा ओवला. हात सराईत होता. हे ते पहिल्यांदा करत नव्हते.



त्यांच्या थोरल्या भावाचे डोळे काचबिंदूनं गेले होते. त्यांना मी लग्नानंतर बघितलं होतं, भिंतीला हात लावत मोरीकडे जाताना. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, आणि तो रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच त्यावर कुणी बोलत नव्हतं.

मला राग आला की आधी तोंड सुटतं आणि मग डोकं चालतं. त्या दिवशी तोंडही चाललं नाही. मी चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि सरळ पाण्यात उतरले. पाणी गार होतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी खाली बघितलं. माझी पावलं दिसत होती, बोटं दिसत होती, बोटांतली जोडवी दिसत होती. डाव्या पायातलं एक जरा वाकलंय, तेही दिसत होतं.

"आगं, मासं उठतील! भाईर ये!" मामा ओरडले.

"मामा, मला माझी जोडवी दिसायला लागल्यात."

त्यांचा दोऱ्यावरचा हात थांबला.

"तुमाला काय दिसतंय?"

त्यांनी बेडूक डब्यात ठेवला. झाकण लावलं. झाकण नीट बसलं नव्हतं, ते त्यांनी दाबून बसवलं. मग म्हणाले, "तू उभी हायस एवढं दिसतंय. तोंड दिसत न्हाय."

मी बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसले. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, तळ्याकडे बघतच. दोनेक पावसाळ्यांपासून सगळं धुकटलेलं दिसत होतं. पाण्यावर टाकलेला हिरवा बेडूक कुठं पडला ते त्यांना कळेना झालं होतं. लाकडाचाही कळेना. चकाकत्या पाण्यावर काळा तेवढा ठिपका दिसायचा. म्हणून सगळे काळे केले. मासा खालून काय बघतो याचा त्यात काही संबंधच राहिला नव्हता. गढूळ पाण्यातल्या मरळीची आणि आमच्या मामांची गत एकच झाली होती, दोघांनाही नुसता आकार दिसत होता.

"मग दवाखान्यात का नाही गेलात?"

"काय कराय? डाक्टरनं सांगावं, तुमचं बी भावागतच हाय म्हणून? जवर सांगत न्हाईत, तवर मासं धरतोय की मी."

मग हळूच म्हणाले, "घरात बोलू नगो. तुझ्या आत्तीला तर मुळीच न्हाई. भावाचं सगळं तिनंच केलतं."

इथं एखाद्या शहाण्या सुनेनं मान डोलावली असती. मी म्हटलं, "मामा, मी आजच सांगणार. जेवायच्या आधी. तुमी माझ्याशी बोलला न्हाईत तरी चालेल."

ते खरंच बोलले नाहीत. सगळ्या रस्त्यानं स्कूटरवर मागं बसले होते आणि एरवी माझ्या खांद्यावर असणारा हात त्यांनी मागच्या दांडीला धरला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते वाऱ्यावर ढकलत होते. एक तर मीच त्यांच्याकडून तलाव काढून घ्यायला निघाले होते, किंवा तो परत मिळवून द्यायला. दोन्हींपैकी कुठलं, हे मला माहीत नव्हतं.

आत्तींना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मला वाटलं कान गेल्यात, म्हणून टीव्हीला नाक लावून बसत्यात. चांगलं ओरडून ओरडून बोलतीया मी." मग भाकरी करपली. आत्तींची भाकरी करपलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. नवऱ्यानं कुणाला न विचारता कामावर फोन करून सुट्टी सांगितली. मी पतसंस्थेत कामाला आहे, तिथं मीही सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मामांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि टोपी घातली होती, एखाद्या बैठकीला निघाल्यासारखी. त्यांना आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. सगळ्यात वरचं, वीतभर अक्षर विचारल्यावर ते म्हणाले, "काळं काय तर हाय." मग डोळ्याचं प्रेशर मोजलं, डोळ्यांत औषध घातलं, बाकावर बसवलं, पुन्हा आत नेलं. आत्ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मामा डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्या शेजारी होते. तळ्यावर बसतो तशीच, न बोलता. फक्त तिथं गळाला ओढ लागायची वाट बघतो, इथं ती लागेल याची भीती होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ त्या यंत्रातून बघितलं, आधी एक डोळा, मग दुसरा. नंतर खुर्ची मागं घेऊन आमच्याकडे वळल्या.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. चांगलाच पिकलाय, इतकं थांबायला नको होतं."

"आन काचबिंदू?" हे आत्तींनी विचारलं.

"नाही. प्रेशर व्यवस्थित आहे. मागची नसही चांगली दिसतेय. मोतीबिंदू काढला की दिसेल."

मामा पुढं वाकले. "नक्की न्हवं? परत एकदा बगा की बाई. माझ्या भावाला हुता."

"म्हणूनच दोनदा बघितलं, आजोबा."

मामांनी दोन्ही हातांनी मांडीवर अशी थाप मारली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावले. तालमीत कुस्ती मारल्यावर मारतात तशी. आत्ती "देवा" म्हणून खुर्चीत सैल पडल्या. माझ्या नवऱ्यानं काही कारण नसताना डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. मी बाहेर गेले, जिन्याच्या वळणावर उभी राहिले आणि मोकळी रडले. तिथं झाडू मारणाऱ्या बाईनं विचारलं, "काय झालं पोरी? वाईट झालं काय?" मी म्हटलं, "न्हाई मावशी, चांगलं झालं." ती म्हणाली, "मग रड बाई, रड," आणि माझ्या पायांभोवतीचं झाडून घेतलं.

दवाखान्यातून निघालो ते आम्ही चौघं मिसळ खायला गेलो. मामांनी कट दोनदा मागून घेतला. माझ्याशी अजून बोलले नव्हते. पण पाव संपत आला तेव्हा स्वतःच्या ताटलीतला अर्धा पाव माझ्या ताटलीत टाकला. आमच्या घरात यालाच बोलणं म्हणतात.

आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही आठवड्यांनी उजव्याचं. मामांना काळा चष्मा मिळाला, आणि पेठेत त्यांना कोपऱ्याकोपऱ्यावर हिरो म्हणून हाका पडायला लागल्या. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. थोडक्यात, मामांनी काहीही करायचं नाही, आणि काही न करणारे मामा म्हणजे घरात सुटलेला वळू. दुसऱ्या डोळ्याची पट्टी काढून आम्ही रिक्षानं घरी आलो तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. चपलांची, भेळेची, कापडाची, दाताच्या डॉक्टरची. रिक्षावाला शेवटी म्हणाला, "पावणं, कोल्हापुरात नवीन हायसा काय?"

"व्हय," मामा म्हणाले, "आजच आलोय."

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्याच तलावावर गेलो. स्कूटर मामांनी चालवली. मी मागं बसले आणि जीव मुठीत धरला, कारण नजर आली असली तरी सवय गेली होती. तलाव तसाच होता, निवळ. ऊनही तसंच. मामा काठावर उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले. मी घाई केली नाही. मग त्यांनी डबा उघडला आणि त्यांचं तोंड उतरलं.

"सगळं काळंच की गं!"

"तुमीच केलंय."

"ह्येच्यानं आज काय घावतंय? डोंबल?" त्यांनी खिशातला चाकू काढला, एका खाचेचा छोटा बेडूक घेतला आणि खरवडायला लागले. काळ्या रंगाच्या साली मातीत पडायला लागल्या आणि खालून सागाचं पिवळट लाकूड निघायला लागलं. बेडकाच्या पायाच्या बेचक्यातला रंग निघत नव्हता, तर तिथं चाकूचं टोक घालून एवढं एवढं कोरत होते, बेडूक हातभर लांब धरून.

मला तेवढा धीर नव्हता. मी गुलाबी बांधला, नवऱ्यानं आणलेला, वरातीतला. सलवार वर घेतली आणि शेवाळापर्यंत गळ पोचावा म्हणून पाण्यात उतरले. पहिली फेक टाकली. काही नाही. दुसरी टाकली. मागून चाकूचा खरखर आवाज येत होता, तो थांबला. मला वाटलं, आता गुलाबी बेडकावरून ऐकून घ्यायचं आहे.

"पोरी," मामा काठावरून म्हणाले.

"काय?"

"जोडवी काळी पडल्यात तुझी. घरी गेल्यावर घास की जरा."